पेन्शन तुटपुंजी आणि कार्डाचं बिल फुगलेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा चिपळुणात. आता गुहागरजवळच्या गावी वडिलांच्या चिऱ्याच्या घरात राहतो. पूर्वी पडवीत येऊन बसणाऱ्यांच्या पिशवीत पासबुकं असायची, हल्ली क्रेडिट कार्डाची बिलं असतात. येणारे बहुतेक साठी ओलांडलेले: एसटीतून निवृत्त झालेले, मुंबईला नोकऱ्या करून गावी परतलेले चाकरमानी, आणि नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शनवर घर चालवणाऱ्या बायका. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी वकील नाही. कोर्टाचा कागद हातात पडला असेल तर वकील गाठायचा, माझी पडवी नाही.

दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' न चुकता भरतो. तरी बाकी हलत का नाही?

एक गृहस्थ बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले होते. डब्यात अडीच वर्षांची बिलं, बरीचशी न फोडलेली. बाकी १,८०,००० रुपये. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ६,३०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,१३४ रुपये. झाले ७,४३४. किमान भरणा, म्हणजे 'मिनिमम ड्यू', बाकीच्या ५ टक्के, म्हणजे ९,०००. त्यातून मुद्दलात गेले किती? १,५६६. या चालीने वर्षभर भरत राहिलात तर खिशातून लाखभर रुपये जातात आणि बाकी उतरते अठरा हजारांच्या आसपास.

आणि हे कार्ड पुन्हा न वापरल्यास. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत जाते. मेडिकलमधून आज गोळ्या घेतल्या तर व्याज आजपासून सुरू. या गृहस्थांची कमाई अशी: ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्या नोकरीची, पेन्शन २,८५० रुपये आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ९ लाख ठेवलेले, त्याचं व्याज महिन्याला सरासरी ६,१५०. बेरीज करा. बरोबर ९,०००, म्हणजे नेमका किमान भरणा. मग घर कशावर चालत होतं? दुसऱ्या कार्डावर.

'मिनिमम ड्यू' भरला की कार्ड चालू राहतं आणि फोन येत नाहीत. त्या पैशांनी एवढंच विकत मिळतं.

मग त्यांनी काय केलं?

पोस्टातली ठेव मोडली. आधी त्यांनी कानावर हात ठेवले, कारण कोकणी माणूस ठेव मोडायची म्हटली की घराचा वासा काढल्यासारखा दचकतो. पण हिशोब कागदावर मांडला. या योजनेत थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं अख्खं बंद करावं लागतं, आणि दोन वर्षं उलटलेली असतील तर मुद्दलाच्या १ टक्का कपात होते. म्हणजे ९,००० रुपयांचा फटका एकदाच. मग १,८०,००० फेडायचे आणि उरलेले पुन्हा ठेवायचे. ८.२ टक्क्यांनी महिन्याचं उत्पन्न साधारण १,२३० ते १,३०० रुपयांनी घटतं, पण ७,४३४ चा महिन्याचा खड्डा बुजतो.

दोन लाखांची एफडी ७ टक्क्यांनी वर्षाला १४,००० देते. दोन लाखांची कार्डाची बाकी ४२ टक्क्यांनी वर्षाला ८४,००० खाते, वर जीएसटी. कपाटात दागिने असतील तर त्यांनाही हाच हिशोब. बँकेचं सोनेतारण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, मात्र ते सोडवण्याइतकं उत्पन्न असेल तरच. नाहीतर कार्डही गेलं आणि पाटल्याही गेल्या.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवायची: कर्ज फेडता येत नाहीये की फेडवत नाहीये? ठेव, सोनं, मुंबईची बंद खोली असं काही असेल तर ते दुसऱ्या प्रकारचं कर्ज. पुढचे प्रश्न बहुतेक पहिल्या प्रकारच्या लोकांचे आहेत, ज्यांच्याकडे मोडायला काही उरलेलंच नाही.

मोडायला काही नाही. भरणं बंदच करू का?

घरखर्च, औषधं आणि लाईटबिल भागल्यावर काही उरत नसेल तर भरणं तसंही बंद पडणारच आहे. प्रश्न एवढाच की ते आज बंद पडणार, की आणखी दोन कार्डं, एक अ‍ॅपवरचं कर्ज आणि शेजाऱ्याची उसनवारी करून वर्षभराने. मी 'आज' म्हणतो. बँकेत असताना असं म्हटलं असतं तर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं असतं.

मात्र गप्प बसून बंद करू नका. आधी बँकेला लेखी कळवा, कार्ड ब्लॉक करायला सांगा, आणि बाकीचे हप्ते पाडून व्याज कमी करता येईल का ते विचारा. बऱ्याच बँका थकलेली बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बसवून देतात. पण हप्ता तुमच्या आवाक्यातला असेल तरच सही करा. फोनवरची मुलगी गोड बोलते म्हणून ६,००० चा हप्ता कबूल करायचा आणि तिसऱ्या महिन्यात चुकवायचा, यात दोन्हीकडून मार बसतो.

बंद केल्यावर होतं असं: विलंब आकार लागतो, सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याची पत दाखवणारा स्कोअर, घसरतो, फोन सुरू होतात. नव्वद दिवस उलटले की खातं थकीत वर्गात जातं. पुढे कधीतरी बँक ते 'राइट ऑफ' करते. या शब्दावर बरेच जण फसतात. राइट ऑफ म्हणजे माफी नाही, बँकेने आपल्या पुस्तकातली नोंद बदलली एवढंच. वसुली चालू राहते.

बँकेला लिहायचं काय?

चार ओळी पुरतात. मी लिहून देतो तो मजकूर असा:

"माझं वय ६९. माझं एकमेव उत्पन्न दरमहा ८,७०० रुपये फॅमिली पेन्शन आहे. त्यातून औषधं व घरखर्च भागवून कार्डाची बाकी भरणं मला शक्य नाही. कार्ड बंद करावं, व्याज व दंडाची आकारणी थांबवून परतफेडीचा किंवा तडजोडीचा प्रस्ताव लेखी द्यावा. यापुढे माझ्याशी पत्राने अथवा ईमेलने संपर्क साधावा."

सोबत पेन्शनची स्लिप आणि औषधांच्या बिलांची झेरॉक्स. कार्ड विभागाच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. गावच्या शाखेत नुसतं तोंडी सांगून काही होत नाही. शाखेतल्या मुलाला कार्डाचं खातं उघडतासुद्धा येत नाही. मला येत नव्हतं.

पोलीस येतील का? तुरुंगात टाकतील का?

नाही. उत्पन्न आटलं म्हणून कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला आहे, गुन्हा नाही. खोटी कागदपत्रं देऊन कार्ड घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. दिवाणी हुकूमनाम्यानंतर (म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा आदेश झाल्यावर) कर्जदाराला कैदेत टाकण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती पैसे असूनही न देणाऱ्यासाठी. १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात हे अगदी रोखठोक लिहून ठेवलं: नुसतं गरीब असणं म्हणजे बदमाशी नव्हे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला तर अटक करताच येत नाही.

फौजदारीचा धोका एका वाटेने येतो: चेक. 'सिक्युरिटीसाठी दोन चेक देऊन ठेवा' असं वसुलीवाला म्हणाला तर देऊ नका. न वटलेला चेक हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा होऊ शकतो. खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी देऊन ती परत गेली तरी जवळपास तसाच कायदा लागतो.

व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस दिसून 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तर फोन ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फिरवा. असा प्रकार कायद्यात अस्तित्वातच नाही.

पेन्शनवर जप्ती येते का?

येत नाही. हे वाक्य मी पडवीच्या भिंतीवर लिहायचं बाकी ठेवलंय.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्ती न होणाऱ्या गोष्टींची यादी आहे, त्यात निवृत्तांची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी आहे. सरकारीच नव्हे, इतर मालकांकडची सुद्धा. भविष्य निर्वाह निधीला त्याच्या स्वतःच्या कायद्याचं संरक्षण आहे. आणि पेन्शन-ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत आले, त्यांची मुदत ठेव केली, म्हणून त्यांचा मूळ गुण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलेलं आहे. कोर्टात हे तुम्हाला, म्हणजे तुमच्या वकिलाला, मांडावं लागतं. पैसे पेन्शनचेच आहेत हे पासबुकावरून स्पष्ट दिसायला हवं. म्हणून पेन्शनच्या खात्यात भाड्याचे, आंब्याचे, मुलाने पाठवलेले पैसे मिसळू नका.

आता व्यवहारातली गोम. कार्ड आणि पेन्शनचं खातं एकाच बँकेत असेल तर बँक कोर्टाची वाट न पाहता खात्यातले पैसे बाकीपोटी वळते करू पाहते. त्यावर तक्रार करता येते, भांडता येतं, पण तोपर्यंत त्या महिन्याचा किराणा कोण भरणार? भांडण्यापेक्षा पेन्शन दुसऱ्या बँकेत वळवणं सोपं. ईपीएसवाल्यांना १ जानेवारी २०२५ पासून देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत पेन्शन घेता येते. सरकारी पेन्शनर असाल तर कोषागारात किंवा पेन्शन देणाऱ्या बँकेत अर्ज द्या. बदल व्हायला महिना-दोन महिने जातात, म्हणून हे काम पहिलं. ऑटो-डेबिट लावलेलं असेल तर तेही लेखी रद्द करून घ्या.

वसुलीवाले घरी येतात. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

माझी मामेबहीण कुडाळजवळ राहते. तिचेच शब्द: "गावात तोंड दाखवूक जागा रवली नाय." नवऱ्याच्या बायपासला कोल्हापूरच्या एका खासगी इस्पितळात दोन कार्डांवर मिळून ३,४०,००० घातले, एक कार्ड त्याचं आणि एक तिचं. तो वाचला नाही. चार महिन्यांनी मोटारसायकलवरून दोन पोरगे आले. ते थेट घरी आले नाहीत. आधी स्टॉपवरच्या चहाच्या टपरीवर थांबले, तिचं नाव घेऊन घर विचारलं, का विचारतोय तेही सांगितलं. मग पोस्टाशेजारच्या दुकानात तेच. घरी पोचेपर्यंत वाडीला सगळं ठाऊक झालं होतं.

हे चुकून होत नाही. अंधेरीच्या चौदाव्या मजल्यावर शेजाऱ्याला विचारून काही उपयोग नसतो. आमच्याकडे टपरीवर एकदा विचारलं की काम झालं. वसुलीवाल्याच्या हातात कायद्याचं हत्यार फारसं नसतं, तुमची लाज मात्र असते.

रिझर्व्ह बँकेचे नियम इथे अगदी स्वच्छ आहेत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना वा ओळखीच्यांना त्रास, सगळ्याला मनाई. एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं. त्याने केलेल्या आगळिकीला बँक जबाबदार. 'एजन्सी वेगळी आहे, आमचा संबंध नाही' हे उत्तर चालत नाही.

तर आला की काय करायचं: खळ्यातच खुर्ची द्या, घरात घेऊ नका. ओळखपत्राचा आणि अधिकारपत्राचा मोबाइलवर फोटो काढा. निम्मे तिथेच गाडीला किक मारतात. पाणी विचारा, पैसे देऊ नका. 'मी बँकेला पत्र दिलंय, उत्तर लेखी द्या' एवढंच म्हणा. तारीख, वेळ, शब्द वहीत टिपा. मग बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे; फी लागत नाही, सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, माहितीसाठी फोन १४४४८. दमदाटी किंवा अंगावर येणं झालं तर मात्र सरळ पोलीस ठाणं.

बहिणीने फोटो काढला, तक्रार केली. टपरीवरचे प्रश्न बंद झाले. गावातली कुजबुज बंद व्हायला गणपती यावे लागले, कारण तेव्हा बोलायला नवे विषय मिळतात.

नवऱ्याच्या कार्डाची बाकी बायकोने भरायची का?

स्वतःच्या खिशातून नाही. कार्ड ज्याच्या नावावर, देणं त्याचं. तो गेल्यावर बँक त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून मागू शकते, आणि वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच. फॅमिली पेन्शन ही त्याची मालमत्ता नव्हे, ती बायकोचा हक्क आहे. मृत्यूचा दाखला जोडून बँकेला कळवा. फोनवर 'वहिनी, थोडे तरी भरा, भाऊंच्या आत्म्याला शांती मिळेल' असं बोललेलं मी स्पीकरवर ऐकलंय. भरू नका, आणि 'मी भरेन' असं कशावरही सही करून देऊ नका.

कार्डावर विम्याचं कवच होतं का, हेही विचारून घ्या. कधी कधी असतं आणि कोणी आपणहून सांगत नाही.

सातबाऱ्यावर बोजा चढवतील का? घर, आंब्याची झाडं जातील?

कार्डाचं कर्ज विनातारण असतं. बँकेला नुसतं पत्र देऊन तलाठ्याकडून (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) बोजा चढवून घेता येत नाही. गृहकर्जासारखा थेट ताबाही घेता येत नाही. आधी दावा किंवा लवाद (कोर्टाबाहेर नेमलेल्या माणसाकडून निवाडा), मग हुकूमनामा, मग अंमलबजावणीचा अर्ज, मग जप्ती. लाख-दोन लाखांसाठी एवढं सगळं बँक करेलच असं नाही, पण करणारच नाही असंही मी म्हणणार नाही.

जप्ती झालीच तरी ती तुमच्या हिश्श्यापुरती. आणि आमच्याकडचे सातबारे तर तुम्हाला ठाऊकच आहेत: आजोबांचं नाव अजून कमी झालेलं नाही, खाली अठरा जणांची नावं, त्यातले सहा मुंबईत, दोन वारलेले, एक कुठे आहे ते देवाला ठाऊक. भाऊबंदकीला आयुष्यभर शिव्या घातल्या, इथे ती कुंपणासारखी उपयोगी पडते. शिवाय स्वतः शेती करणाऱ्याचं राहतं घर आणि शेतीची अवजारं यांना कलम ६० मध्येच संरक्षण आहे.

घर आताच मुलाच्या नावावर करून टाकू?

कर्ज चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. आणि दुसरं कारण मी लिहीत नाही, तुमच्या डोक्यात ते आलेलं आहे.

राहत्या घरावर ज्येष्ठांना दरमहा पैसे देणारी बँकेची योजना असते ना?

रिव्हर्स मॉर्गेज. कागदावर चांगली आहे: वय ६० च्या पुढे, घर स्वतःच्या कमाईचं, निर्वेध आणि स्वतः राहत असलेलं. 'स्वतःच्या कमाईचं' आणि 'निर्वेध' या दोन शब्दांवरच आपल्याकडची बहुतेक घरं बाद होतात. रत्नागिरीत स्वतः घेतलेला फ्लॅट असेल तर चौकशी करा.

कार्ड मुंबईत असताना घेतलं. आता गावी राहतो. काही फरक पडतो?

फार पडतो, आणि कोणी सांगत नाही. बँकेकडे पत्ता डोंबिवलीचा. नोटिसा तिथे जातात. खोली भाड्याने दिलेली, भाडेकरू पाकिटं शू-रॅकवर ठेवतो. कार्डाच्या करारात लवादाचं कलम असलं की बँक लवाद नेमते, तुम्ही हजर नाही म्हणून एकतर्फी निवाडा होतो, आणि तुम्हाला कळतं ते थेट अंमलबजावणीच्या वेळी. बँकेने तुम्हाला न विचारता परस्पर नेमलेल्या लवादावर हरकत घेता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्या बाजूने आहेत. पण हरकत घ्यायला आधी नोटीस हातात पडायला हवी ना.

गावी परतलात की पहिल्या महिन्यात पत्ता बदला. वाडीचं नाव, पोस्ट आणि पिनकोड नीट लिहा. पोस्टमनला ओळखीत ठेवा. फोन नंबरही तोच ठेवा जो आमच्या डोंगराआड लागतो.

सेटलमेंट म्हणून फोन येतात. करावी का?

एकरकमी देण्याइतकी रक्कम कुठून तरी उभी राहत असेल आणि ती कर्ज काढून आणलेली नसेल, तर करावी. पहिला आकडा कधीही स्वीकारू नये. मार्चअखेर बँका जरा नरम असतात, हे आतून बघितलेलं सांगतो.

पैसे देण्याआधी पत्र. बँकेच्या लेटरहेडवर, कार्डाचे शेवटचे चार आकडे, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, आणि 'त्यानंतर काहीही देणं उरणार नाही' हे वाक्य. पत्र खरं आहे का ते बँकेच्या अधिकृत नंबरावर स्वतः फोन करून ताडून बघा. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा. एजंटाच्या गुगल पे वर एक रुपयासुद्धा नाही. शृंगारतळीच्या बाजारात भेटलेल्या एका निवृत्त कंडक्टरांनी २५,००० असेच दिले, पावतीऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा आला.

नंतर 'नो ड्यूज'चं पत्र घ्या आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट बघा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट देतात. त्यावर 'सेटल्ड' असा शेरा येईल आणि काही वर्षं राहील. सत्तरीत नवं कर्ज काढायचं नसेल तर त्या शेऱ्याने तुमचं काहीही बिघडत नाही. सिबिलची भीती हा नोकरीतल्या पोरांचा प्रश्न आहे.

लोकअदालतीची नोटीस आली. घाबरून झोप नाही.

उलट ही चांगली बातमी. नोटीस कोर्टाच्या आवारातली असते म्हणून छातीत धस्स होतं, पण बहुतेक वेळा ती दावा दाखल होण्याआधीची बोलणी असते. फी नाही, शिक्षा नाही. जमलं तर जमलं, नाहीतर 'जमत नाही' सांगून घरी यायचं. जमलं तर होणारा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. म्हणून हप्ते कबूल करताना पेन्शनचा आकडा समोर ठेवा.

कुडाळच्या बहिणीचं प्रकरण इथेच मिटलं. तिच्या कार्डावर दंड-व्याजासह १,६०,००० दाखवत होते. बँकेचा अधिकारी १,२०,००० म्हणाला. तिने पिशवीतून वही काढली: पेन्शन ८,७००, बीपी-शुगरच्या गोळ्या २,१५०, गॅस, लाईट, दूध, रिक्षा. पॅनेलवरच्या वकीलबाईंनी ती वही स्वतःच्या हाताने अधिकाऱ्यापुढे सरकवली. ७०,००० वर तीन हप्त्यांत तुटलं. दोन हप्ते काजूच्या बियांचे, एक भावांनी मिळून.

वकील हवा असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. जिल्ह्याचं कार्यालय रत्नागिरीला, सिंधुदुर्गाचं ओरोसला, रायगडचं अलिबागला. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१००.

३० टक्क्यांहून जास्त व्याज बेकायदा आहे, असा मेसेज फिरतोय.

जुना झाला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्या मेसेजच्या भरवशावर बँकेशी भांडायला जाऊ नका. भांडायचंच असेल तर दंड आणि कर व्याजाच्या आकारणीत मिसळलेत का, ते बिलात तपासा. न भरलेले आकार आणि कर मुद्दलात धरून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत मनाई केली आहे.

तीन वर्षं झाली की कर्ज संपतं?

दावा करायची मुदत साधारण तीन वर्षं, शेवटच्या भरण्यापासून किंवा लेखी कबुलीपासून. कर्ज संपत नाही, कोर्टाची वाट बंद होते. म्हणून जुन्या बाकीवर 'फक्त ५०० रुपये भरा, फाइल बंद करतो' असा फोन आला तर सावध. मुदत संपायच्या आत तसा भरणा केलात तर घड्याळ पुन्हा शून्यावर जाऊ शकतं. 

दिवाळखोरी जाहीर करता येते?

येते. नव्या दिवाळखोरी कायद्यातला सर्वसामान्य माणसासाठीचा भाग अजून लागू झालेला नाही, त्यामुळे कोकणात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो आणि अर्ज जिल्ह्याच्या पातळीवर होतो. पण वेळ आणि खर्च बघता कार्डाच्या बाकीसाठी मी कुणाला त्या वाटेला पाठवलेलं नाही.

'कर्जमुक्ती' करून देणाऱ्या कंपन्या, किंवा गावातला सावकार?

कंपनी आधी फी घेते आणि मग वर तुम्हाला सांगितलं तेच पत्र पाठवते. सावकार परवानाधारक आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे विचारा. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागितली की उठून या. कार्डाचं देणं थकलं तर फोन येतात. सावकाराचं थकलं तर कलमांच्या बागेत दुसऱ्याची माणसं आंबे उतरवायला येतात.

मुळात हे सगळं इस्पितळामुळे झालं. पुन्हा आजारपण आलं तर?

सत्तरी पूर्ण झाली असेल तर आयुष्मानचं ज्येष्ठ नागरिक कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असलं तरी कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. सत्तरीच्या आतल्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. दोन्ही ठिकाणी यादीतलंच इस्पितळ लागतं. म्हणून तब्येत बरी असताना आधार आणि रेशनकार्ड घेऊन जवळचं यादीतलं इस्पितळ कोणतं ते विचारून ठेवा, आणि त्याचं नाव फ्रिजवर चिकटवा. रात्री दोन वाजता अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कुणी यादी शोधत नाही, कार्ड काढून देतो.

मुंबईतल्या मुलाला सांगू का? त्याच्या डोक्याला आधीच घराचे हप्ते आहेत.

सांगा, पण पैसे मागायला नको. ईमेल लिहून द्यायला, बँकेच्या साइटवर तक्रार नोंदवायला आणि लोकपालाचा फॉर्म भरायला तुम्हाला कुणीतरी लागणारच आहे. फोनवर सांगितलंत तर तो घाबरून लगेच पाच हजार पाठवील, आणि ते थेट व्याजात जातील. गणपतीला येईल तेव्हा विसर्जन होऊ द्या. मग मागच्या पडवीत बसवून बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे ठेवा आणि सगळी पाकिटं त्यालाच फोडायला सांगा, तारखेप्रमाणे लावून.